भाग ३१ : 'बीपीए-फ्री' म्हणजे नक्की काय? डब्यातून जेवणात किती उतरलं तर चालतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलतानाचे 'अं' आणि 'आपलं ते हे' तेवढे काढलेत, बाकी गप्पा होत्या तशाच आहेत. मधली कुकरची शिट्टी फक्त ऑडिओत आहे. ती शेजारच्यांची होती, माझा इलाज नव्हता.

पाण्याच्या बाटल्यांवरच्या भागानंतर जे मेल आले त्यात एकच प्रश्न फिरून फिरून होता : "डब्यावर बीपीए-फ्री लिहिलंय, म्हणजे सेफ ना?" लगेच उत्तर हवं असेल तर, तो शिक्का एवढंच सांगतो की एक ठरावीक रसायन त्या डब्यात नाही. बाकी काय आहे, ते किती उतरतं आणि उतरलं तर काय होतं, याबद्दल तो गप्प आहे. मला या 'किती'मध्ये जास्त रस आहे. मी केमिस्ट नाही, दिवसभर पेमेंट सिस्टिमचा कोड लिहिते. पण 'हे सुरक्षित आहे' असं कोणी म्हटलं की टेस्ट काय लावली होती, हे विचारायची सवय त्याच कामानं लावली आहे.

आधी तीन आकडे बघा. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए. पॉलिकार्बोनेट नावाचं कडक, पारदर्शक प्लास्टिक याच्यापासून बनतं. ऑफिसात पालथे घातलेले २० लिटरचे निळसर जार असतात ना, त्यातले बरेचसे याचेच. शिवाय डबाबंद अन्नाच्या कॅनला आतून जो इपॉक्सीचा थर देतात, त्यातही हे असतं. युरोपातल्या तज्ज्ञ समितीनं १९८६ साली सांगितलं की माणसानं रोज, आयुष्यभर, शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मायक्रोग्रॅम बीपीए घेतलं तरी चालेल. २०१५ साली युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफ्सानं, तो आकडा तात्पुरता म्हणून ४ मायक्रोग्रॅमवर आणला. आणि एप्रिल २०२३ मध्ये ०.२ नॅनोग्रॅम. नॅनो म्हणजे मायक्रोचा हजारावा भाग. थोडक्यात, १९८६ पासून २०२३ पर्यंत मर्यादा अडीच लाख पटींनी खाली आली. रेणू तोच, त्यात एका अणूचाही बदल नाही.

हे ऐकून लोक दोनच गोष्टी म्हणतात. एक, "आधीचे सगळे विकले गेले होते." दोन, "यांना काही कळत नाही, आपण आपलं खावं." मला दोन्ही पटत नाहीत. आकडा कसा तयार होतो ते पाहिलं की का हलला तेही कळतं.

मुळात प्लास्टिकमधून काही बाहेर येतंच का? कारण ती भिंत नाही, जाळं आहे. लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि त्यांच्यामध्ये छोटे छोटे रेणू मोकळे : प्लास्टिक मऊ ठेवणारे, उन्हानं पिवळं पडू नये म्हणून घातलेले, रंगाचे, आणि साखळीत सामील व्हायचं राहून गेलेले. हे हळूहळू सरकत पृष्ठभागावर येतात आणि तिथून अन्नात उतरतात. यालाच मायग्रेशन म्हणतात. वेळ वाढला की उतरण वाढते, पण सरळ हिशेबात नाही. सुरुवातीला भरभर, मग मंद. ढोबळमानानं चौपट वेळ ठेवलं तर दुप्पट उतरतं. तापमान मात्र खूप फरक करतं. आणि तेल. यातले बरेचसे रेणू पाण्यात रमत नाहीत, तेलात आनंदानं जातात. त्यामुळे फ्रिजमधल्या डब्यातलं ताक आणि त्याच डब्यात ओतलेली उकळती तर्री, या दोन अगदी वेगळ्या परिस्थिती आहेत. (वर्तमानपत्रात बांधलेला गरम वडापाव म्हणजे उष्णता, तेल आणि खाण्यासाठी कधीच न बनवलेली शाई, तिन्ही एकत्र. एफएसएसएआयनं २०१६ साली याबद्दल सावध केलं आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्यावर बंदीच घातली. गाडीवर अजून काय चालतं ते आपल्याला माहीत आहे.)

आता हे मोजायचं कसं? खरं जेवण घेऊन मोजणं फार कठीण. मिसळीत आधीच शेकडो रसायनं असतात, त्यात डब्यातून आलेलं कुठलं हे कोण शोधणार? म्हणून नकली अन्न वापरतात. आमच्या धंद्यात याला मॉक म्हणतात : खरी बँक जोडायची नाही, बँकेसारखं उत्तर देणारं काहीतरी उभं करायचं. इथे आंबट पदार्थांऐवजी ३ टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगर. दारूऐवजी पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल. तेलकट पदार्थांसाठी युरोपात वनस्पती तेल, तर आपल्या भारतीय मानकात हेप्टेन नावाचं द्रावण. डबा यात ठेवायचा, ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ. खूप दिवस साठवायच्या वस्तूला ४० अंशांवर १० दिवस. गरम भरायच्या वस्तूला त्याहून जास्त तापमान आणि काही तास. मग द्रावणात काय उतरलं ते बघायचं.

मोजलेल्या आकड्यावरून माणसाच्या पोटात किती गेलं, हे काढायला एक गृहीतक लागतं. युरोपचं गृहीतक मला फार आवडतं, कारण ते इतकं बाळबोध आहे. अशी कल्पना करा की एक किलो अन्न एका चौकोनी ठोकळ्यात भरलंय, प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर. सहा बाजू, म्हणजे सहा चौरस डेसिमीटर पॅकेजिंग. आणि ६० किलोचा एक माणूस असलं एक किलो अन्न रोज खातो, आयुष्यभर. झालं! अख्ख्या खंडाचा हिशेब या ठोकळ्यावर उभा आहे.

आता सॉसची पुडी घ्या. ८ ग्रॅमची, ५ बाय ८ सेंटिमीटर. दोन्ही बाजू मिळून ८० चौरस सेंटिमीटर. अशा १२५ पुड्या म्हणजे एक किलो सॉस, आणि पॅकेजिंग १०० चौरस डेसिमीटर. ठोकळ्यात ६ होतं. सोळा पटींहून जास्त! युरोपच्या प्लास्टिक नियमात ५०० मिलिलिटरपेक्षा लहान पाकिटांना एखाद्या रसायनाची मर्यादा तपासताना हे खरं प्रमाण न धरता ठोकळ्याचंच ६ धरायची सोय आहे. बाळांच्या खाण्याला ती सवलत नाही, हे बरंय. नियमाच्या बाजूनं बोलायचं तर रोज १२५ पुड्या कोण खातं? खरंय. पण ज्या घरात पोरांचा सगळा खाऊच लहान पाकिटांतून येतो, तिथे ठोकळा जरा डळमळतो. आणि तो ६० किलोचा माणूस दर किलो वजनामागे साधारण १७ ग्रॅम अन्न खातो. पाच किलोचं बाळ दिवसाला ७५० मिलिलिटर दूध प्यायलं तर दर किलोमागे १५०. नऊपट. बाटलीतून तितकंच उतरलं तरी बाळाला नऊपट मिळतं. बाळांच्या बाटल्यांवरून सगळ्या देशांत आधी ओरड का झाली, ते या एका भागाकारात आहे.

हे झालं 'किती जातं'. दुसरी बाजू, 'किती चालतं'. जुनी पद्धत अशी : उंदरांना वाढत्या मात्रेत रसायन द्यायचं. ज्या सर्वांत मोठ्या मात्रेला काहीच वाईट दिसलं नाही, ती पकडायची. मग तिला १०० नं भागायचं. दहा यासाठी की माणूस म्हणजे उंदीर नाही, आणि आणखी दहा यासाठी की सगळी माणसं सारखी नाहीत. बीपीएसाठी ती मात्रा दर किलोला ५ मिलिग्रॅम. भागिले १०० म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, आपल्या १९८६ च्या आकड्याइतकेच. आता त्याला ठोकळ्यात घाला. ५० मायक्रोग्रॅम गुणिले ६० किलोचा माणूस, म्हणजे ३ मिलिग्रॅम. तो रोज एक किलो खातो, तेव्हा एक किलो अन्नात ३ मिलिग्रॅमपर्यंत उतरलं तर पास. युरोपात ही मर्यादा खरोखर अशीच, ३ मिलिग्रॅम होती. पुढे रोजचा आकडा १० मायक्रोग्रॅम झाला, तेव्हा ती ०.६ झाली. २०१८ मध्ये ४ गुणिले ६०, म्हणजे २४० मायक्रोग्रॅम, पण बीपीए काही फक्त पॅकेजिंगमधून येत नाही, बिलाच्या थर्मल कागदातूनही येतं, म्हणून त्यातला पाचवाच हिस्सा पॅकेजिंगला दिला. उरले ४८, गोळाबेरीज ५०. नियमात छापलेला ०.०५ मिलिग्रॅम तो हाच. हे गणित पहिल्यांदा हातानं जुळवलं तेव्हा मला कोडं सुटल्यासारखा आनंद झाला होता, लपवत नाही.

मग २०२३ मध्ये एवढी मोठी उडी का? कारण 'वाईट' म्हणजे काय, याची व्याख्या सरकली. आधी शास्त्रज्ञ शरीराचं वजन, पिल्लांची संख्या, किडनीचं वजन असं काही बघत होते. २०१५ चा आकडा उंदरांच्या किडनीवरूनच आला होता. २०२३ मध्ये एफ्सानं टी-हेल्पर १७ नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींकडे पाहिलं. बीपीए दिलेल्या उंदरांत या पेशींचं प्रमाण वाढलं, आणि ते अत्यंत कमी मात्रेला वाढलं. माणसाच्या हिशेबात दर किलोला ८.२ नॅनोग्रॅम. भागिले ५०, म्हणजे साधारण ०.२.

इथेच खरं भांडण आहे. जर्मनीची सरकारी संस्था बीएफआर म्हणाली की पेशींचं प्रमाण वाढणं म्हणजे आजार नव्हे, आम्हाला हे मान्य नाही. त्यांनी शुक्राणूंवरच्या परिणामावरून स्वतःचा आकडा काढला : २०० नॅनोग्रॅम. एफ्साच्या हजारपट! युरोपची औषध संस्थाही एफ्साशी सहमत झाली नाही. उपलब्ध अभ्यास सगळ्यांना तेच, आणि उत्तरात हजारपट फरक. आमच्याकडे यावर रोज वाद होतो : लॉगमध्ये वॉर्निंग आली म्हणजे सिस्टिम पडली का? नाही. मग वॉर्निंगवर अलार्म वाजवायचा का? ते कशाची वॉर्निंग आहे आणि सिस्टिम कोणाची आहे, यावर ठरतं. माझं मत विचाराल तर बीएफआरचा आक्षेप शास्त्र म्हणून जड आहे. पण एक गोष्ट विसरू नका : एफ्साच्या अंदाजानुसार रोजच्या खाण्यातून सर्व वयोगटांत हा नवा आकडा ओलांडला जात होता. आणि ०.२ नॅनोग्रॅम ठोकळ्यात घातला तर किलोमागे १२ नॅनोग्रॅम येतात, जे नेहमीच्या तपासणीत पकडणंच अवघड. मर्यादा मोजता येत नसेल तर ती पाळायची कशी? शेवटी युरोपियन कमिशननं डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीए वापरण्यावर बंदीच घातली. जानेवारी २०२५ पासून ती लागू आहे, जुन्या मालाला मुदत देऊन. त्याच नियमात बीपीएच्या इतर घातक भावंडांचाही बंदोबस्त केलाय. कारण 'बीपीए-फ्री' शिक्क्यामागे बऱ्याचदा त्याचा सख्खा भाऊ बीपीएस बसलेला असायचा.

पण खरं सांगू? बीपीएची मला फारशी काळजी वाटत नाही. त्याच्यावर चाळीस वर्षं हजारो डोळे आहेत. माझी झोप उडवतात ती नाव नसलेली रसायनं. कंपनी प्लास्टिकमध्ये जे मुद्दाम घालते त्याची यादी असते, यादीतल्या नावांचा अभ्यास झालेला असतो. पण प्लास्टिक बनताना, तापताना, जुनं होताना त्यातून नवे पदार्थ तयार होतात. उदाहरण देते. पॉलिप्रॉपिलीन खराब होऊ नये म्हणून इर्गाफॉस १६८ नावाचा पदार्थ घालतात. तो आपलं काम करतानाच तुटतो आणि त्यातून डाय-टर्ट-ब्युटाइलफिनॉल निघतो. हा कोणी मुद्दाम घातलेला नाही, तरी तिथे आहे. हे एक ओळखीचं. प्रयोगशाळेतल्या आलेखावर नाव न लावता आलेली अशी कितीतरी टोकं दिसतात.

नाव नसेल तर उंदरांवर प्रयोग कशाचा करणार? इथे एक वेगळी युक्ती वापरतात. आजवर तपासलेल्या शेकडो रसायनांचे आकडे मांडले तर अशी एक पातळी काढता येते की तिच्याखाली बहुतेक काहीच त्रास देत नाही. रेणूची रचना जरा संशयास्पद असेल तर माणशी दिवसाला ९० मायक्रोग्रॅम. रचना डीएनएला इजा करणाऱ्यांसारखी असेल तर फक्त ०.१५. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, पण तिची अट विसरायची नाही : रचना माहीत हवी. जे टोक ओळखताच आलं नाही ते कुठल्या खान्यात टाकणार?

आणि कधीकधी गडबड अशा जागेतून होते जिकडे कोणी बघतच नसतं. २००५ साली इटलीत बाळांच्या दुधाच्या खोक्यांत आयटीएक्स नावाचं रसायन सापडलं. ते छपाईच्या शाईतलं, शाई लवकर वाळावी म्हणून घातलेलं. पण छपाई तर खोक्याच्या बाहेरून! मग आत कसं गेलं? छापलेला कागद मोठ्या रिळावर गुंडाळला की एका वेटोळ्याची बाहेरची बाजू पुढच्या वेटोळ्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहते. शाईतलं रसायन तिथे उतरलं, तिथून दुधात. सुमारे ३ कोटी लिटर दूध जप्त झालं. एफ्सानं नंतर सांगितलं की सापडलेल्या प्रमाणात तब्येतीची काळजी नाही. पुढच्याच वर्षी युरोपनं उत्पादनाच्या नियमांत स्पष्ट लिहिलं की बाहेरची शाई रिळात किंवा थप्पीत आतल्या बाजूवर उतरता कामा नये. बग आधी प्रॉडक्शनमध्ये, टेस्ट केस नंतर. ओळखीचं वाटतंय ना?

आता आपल्याकडे. माझी मावशी नाशिकला पोळी-भाजीचे डबे देते. एका ऑफिसचं साठ डब्यांचं काम येत होतं, त्यांनी कंटेनरचा टेस्ट रिपोर्ट मागितला. कंटेनरवाल्यानं एक पीडीएफ पाठवली, ती मावशीनं मला फॉरवर्ड केली. "अगं, पास लिहिलंय खाली. म्हणजे झालं ना?"

रिपोर्ट खोटा नव्हता. 'ओव्हरऑल मायग्रेशन ८, मर्यादा ६०, पास.' भारतीय नियमात एकूण उतरण लिटरला किंवा किलोला ६० मिलिग्रॅम, किंवा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम, यापेक्षा जास्त चालत नाही. पण ही टेस्ट करतात कशी? नकली अन्न आटवतात आणि तळाशी उरलेलं वजन करतात. उरलेला खडू आहे की विष, वजनकाट्याला काय कळणार? आटताना जे उडून गेलं ते तर काट्यावर आलंच नाही. आणि ६० मिलिग्रॅम हा आकडा बीपीएच्या त्या ०.०५ च्या बाराशेपट आहे. म्हणजे एकूण उतरणीत पास झालेल्या डब्यात एखादी नको ती गोष्ट आरामात लपू शकते. या टेस्टनं प्लास्टिक फार सोडत नाही एवढं कळतं, आणि तेही उपयोगाचं आहे, पण तेवढंच. बेरियम, कोबाल्ट, झिंक अशा काही धातूंना आपल्याकडे वेगळ्या मर्यादा आहेत, त्या निराळ्या तपासतात.

मी मावशीला रिपोर्टच्या वरच्या भागातल्या दोन ओळी वाचायला लावल्या. नकली अन्न : डिस्टिल्ड वॉटर आणि ३ टक्के ॲसेटिक ॲसिड. तापमान : ४० अंश, १० दिवस. हेप्टेन नाही, गरम भरण्याची टेस्ट नाही. आता मावशी काय भरते? गॅसवरून उतरवलेली, वर बोटभर तेल आलेली शेवभाजी. हा रिपोर्ट ज्या जेवणाचा होता ते जेवण ती बनवतच नाही! पास बरोबर होतं, पण प्रश्नच दुसरा होता.

ती म्हणाली, "मग गार करून भरू?" इथे मात्र मी तिला थांबवलं. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या खाली तासन्‌तास कोमट राहिलं की जिवाणूंना रान मोकळं. प्लास्टिकचा प्रश्न वीस वर्षांचा असेल, जिवाणूंचा त्याच संध्याकाळचा असतो. साठ लोकांना जुलाब झाले तर धंदाच बसेल. जेवण गरमच जायला हवं, बदलायचं ते भांडं.

तिनं कंटेनरवाल्याला फोन करून तेलकट आणि गरम पदार्थांचा रिपोर्ट मागितला. त्याला आधी कळेचना. मग म्हणाला, "ताई, आजपर्यंत कोणी मागितला नाही." तीन आठवड्यांनी दुसरी पीडीएफ आली : हेप्टेन, शिवाय ७० अंशांवर दोन तास. आकडा आधीच्या जवळजवळ तिप्पट, पण ६० च्या आत. ऑफिसला ते पुरलं. मावशीला पुरलं नाही. कोशिंबीर, पोळ्या, सुकी भाजी प्लास्टिकमध्ये ठेवली आणि रस्सा स्टीलच्या छोट्या झाकणाच्या डब्यात द्यायला लागली, अनामत घेऊन. त्यामुळे तिची सध्याची तक्रार रसायनांची नाही. साठातले अकरा डबे अजून कोणाकोणाच्या घरी आहेत, आणि अनामत शंभर रुपये ठेवली ती कमी पडली, असं तिचं म्हणणं आहे.